गुलाब की मोगरा?

मॉलमध्ये परफ्यूम घेणं एकदम सोप्पं! कागदाची पट्टी हुंगायची, पेमेंट करायचं, संपलं. यावेळी मात्र बार्शीटाकळीला घरी गेले आणि आईसाठी अत्तर घ्यायचं ठरवलं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तिनं अत्तराला हात लावला नव्हता. 'आता कोणासाठी?' म्हणायची.

बाजारातल्या चाचांनी माझ्या एका मनगटावर गुलाब लावला, दुसऱ्यावर मोगरा. "लगेच नोको ठरवू बाई, घंटाभर थांब!" खरंय. पारंपरिक अत्तरात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नसतं, त्यामुळे वास भसकन येत नाही, अंगाच्या उबेनं हळूहळू उलगडतो. 1921 च्या 'शनेल नंबर 5'मध्ये गुलाब आणि जाई दोन्ही आहेत. मला मात्र एकच निवडायचं होतं.

बाबा नेहमी गुलाबच आणायचे, म्हणजे गुलाबच फायनल! तरी थांबायचंच होतं, म्हणून घरी आले आणि दोन्ही हात आईपुढे धरले. गुलाब हुंगून तिनं डोळे मिटले. मोगऱ्यापाशी मात्र रेंगाळली.

"गुलाब त्यांना आवडे. मला मोगरा."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा! संध्याकाळी चाचांकडून छोटी कुपी आणली. मोगऱ्याची.