आधी खुर्ची सोडा, मग मत मागा

नगरपालिकेच्या, म्हणजे आपल्या इरियाच्या, निवडणुका जवळ आल्या की आपल्या समाजात एक वाक्य हटकून कानी पडते : "आपला माणूस आहे, चालायचेच!" आमचे भांडण या वाक्याशी आहे, कोणा एका गृहस्थाशी नाही.

इरियाच्या नोकराने निवडणुकीला उभे राहू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्या समाजाला नगरकारभार नवा नाही. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाचा रस्ता आजही महालक्ष्मीहून वरळीकडे जातो. आपली मुले पुढे आली तर आम्हांला अभिमानच वाटेल. प्रश्न आहे तो उभे राहण्याच्या रीतीचा.

इथला कायदा स्पष्ट आहे. इरियाचा पगार घेणाऱ्याला त्याच इरियाच्या सभेत सभासद म्हणून बसता येत नाही. १९५९ च्या प्रचारविषयक कायद्यानुसार सार्वजनिक पैसा किंवा मालमत्ता प्रचारासाठी वापरता येत नाही. म्हणजे इरियाची गाडी, टेलिफोन, मतनासचा हॉल, लोकांच्या नावांच्या याद्या, काहीच नाही. परंतु खिडकीपलीकडून हळूच बोललेला शब्द कोणता कायदा पकडणार?

एखादी वृद्ध मावशी अर्नोनाच्या सवलतीचा अर्ज घेऊन येते. तिला हिब्रू धड वाचता येत नाही. अर्ज घेणारा हसून म्हणतो, "मावशी, यंदा आपली पांढरी चिठ्ठी लक्षात ठेवा हं!" त्याने धमकी दिली नाही, लाचही मागितली नाही. पण मावशी घरी जाते ती धास्ती घेऊनच. आम्ही रुग्णसेवेत उभे आयुष्य काढले आहे. खाटेवरचा रुग्ण परिचारिकेला "नाही" म्हणू शकत नाही, म्हणून परिचारिकेने त्याच्याकडे काही मागायचेच नसते. खिडकीपुढच्या मावशीचीही तीच अवस्था असते.

कोणी म्हणतील, बाकीचे समाज करतात, मग आपणच सोवळे का राहावे? अहो, आपण मूठभर! उद्या त्याच खिडकीत मोठ्या समाजाचा उमेदवार बसला, तर कोणाचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जाईल? १९६२ साली लग्नाच्या नोंदणीसाठी आपल्या वडीलधाऱ्यांना आजी-पणजीच्या कुळाची चौकशी सोसावी लागली. त्यासाठी त्यांनी लढा दिला, आणि १९६४ साली क्नेसेटने आपल्या बाजूने कौल दिला. मेजापलीकडच्या माणसाची मर्जी म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? नियम थोड्यांचा आधार असतो. तो आपणच मोडला तर मग दाद कोणाकडे मागायची?

दुसरा आक्षेप खरा आहे. बिनपगारी रजा गरीब नोकराला परवडत नाही. म्हणून ज्याच्या हाती कोणाचा अर्ज, दाखला किंवा सवलत आहे, त्याच्यापुरतीच ती सक्तीची असावी, आणि तीही मतदानापूर्वीच्या एका महिन्याची. बागेतल्या माळ्याला किंवा बसच्या ड्रायव्हरला कामाच्या वेळेत प्रचार न करण्याचे बंधन पुरे. एका महिन्याचा पगार सोडायला जो कारकून तयार नाही, तो पाच वर्षे आपल्यासाठी काय सोडणार?

२७ फेब्रुवारी २०२४ ची निवडणूक युद्धामुळे चार महिने लांबून झाली. पुढची येईल तेव्हा समाजाच्या मंडळांनी हा नियम इरियाकडून लेखी मागून घ्यावा, आणि तोवर आपल्या उमेदवारांकडून तो स्वखुशीने पाळून घ्यावा. छोट्या गावात काहीशे मतांवर एक जागा ठरते; आपले म्हणणे त्यांना ऐकावेच लागेल.

आणि भगिनींनो, खिडकीपाशी कोणी मत मागितलेच, तर भिऊ नका. सरळ सांगा, "बाळा, आधी रजा टाक, मग घरी चहाला ये."