कोणाचे पैसे, कोणाला फेटे

कंपनीने शाळेला चार संगणक दिले की आपण मंडप घालतो, पोरांना उन्हात उभे करून लेझीम खेळवतो, साहेबांना फेटा बांधतो, भिंतीवर पाटी ठोकतो. त्याच शाळेतल्या मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून, म्हणजे आपल्याच करातून येतो. साबणाची वडी घेणारी शेतमजूर बाईसुद्धा त्यात भर घालते. तिला फेटा कोणी बांधला?

देणगीला नावे ठेवायची नाहीत. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली पंधरा लाख रुपये दिले, म्हणून कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला बळ आले आणि ठाकरसींच्या आईचे नावही लागले. शोभलेही. पण दाता देतो तो मर्जीने. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के हिस्सा समाजकार्याला द्यायला लावला, तोही कंपनीच्या परिसराला प्राधान्य देऊन. कारखाने चाकणला, तर पैशाचा ओढाही चाकणकडेच. गडचिरोलीतल्या भामरागडच्या पोराने कारखान्याची वाट पाहायची काय?

सरकार तरी धुतल्या तांदळासारखे कुठे आहे? भाऊराव पाटलांनी टीका केली, तर स्वराज्याच्या सरकारने १९४८ मध्ये त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान रोखले. तरीही सरकारशी भांडता येते, मत मागायला आले की जाब विचारता येतो. दात्याला कोण विचारणार?

आणि भांडायचे तेच आपण सोडले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या, तेव्हा संस्थाचालकांच्या सत्काराला आपण हजर होतो. मास्तर बिनपगारी शिकवणार, हे आपल्याला ठाऊक होते. २००९ मध्ये ‘कायम’ शब्द निघाला, पण पगार लगेच आला नाही. अनुदानाच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यासाठी मास्तर मुंबईच्या आझाद मैदानावर बसले, तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या बापांनी विचारले, ‘यांना आणखी किती पाहिजे?’ याच बापांनी जत्रेची वर्गणी घासाघीस न करता दिली होती.

जाब विचारायला जागा नाही, असेही नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक. अनुदान कुठे खर्च झाले, हे पाहणे त्यांचे कायद्याने ठरलेले काम. किती गावांत या समितीची बैठक खरोखर भरते? रजिस्टर घरोघरी फिरते. उंबऱ्यातच सही होते, आणि आत काय लिहिले आहे ते वाचायला कोणी मागत नाही.