ट्रायल हायवेवर द्या

आमच्या जुन्या मारुती 800 चं पुढचं डावं चाक गेल्या पावसाळ्यात वाजू लागलं. हमरस्त्यावर गाडी गुमान चालायची. पण मशिदीकडच्या गल्लीत फरशा उखडल्या आहेत, तिथे हळू नेली की टक-टक सुरू. पुढच्या सीटवर अम्मी बसतात. त्या म्हणायच्या, "खालून कुणीतरी दार वाजवतंय." आम्ही हसण्यावारी नेलं. गाडी विकायचीच होती, मग खर्च कशाला?

गिऱ्हाईकही मिळालं. आमच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, लग्नाला वर्ष झालेलं, सासुरवाडी घाटापलीकडे. सौदा जमवणाऱ्या एजंटाने सल्ला दिला, "सर, बुशांना ग्रीस मारून घ्या आणि ट्रायल हायवेवर द्या. गल्लीत नेऊ नका." यात खोटं कुठे बोलायचं होतं? फक्त रस्ता निवडायचा होता. आम्हाला ते पटलंही, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

मिस्त्रीचाचांनी ग्रीसचा डबा उघडलाच नाही. म्हणाले, "रबराला ग्रीस लावलं की आवाज चार दिवस थांबतो, पण रबर फुगून लवकर जातं." त्यांनी चाक उचललं आणि आधी खाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली ते हातसुद्धा घालत नाहीत. मग घड्याळात 12 आणि 6 असतात त्या जागी चाक धरून हलवलं आणि आम्हाला खाली वाकून बघायला लावलं. लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट डोळ्यांदेखत खेळत होता. 3 आणि 9 ला धरून हलवलं तेव्हा खेळ नव्हता, म्हणजे टाय रॉड एंड शाबूत. आर्मच्या बुशचं रबर मात्र चिरलेलं, आणि टायरची आतली कड गुळगुळीत.

"हा जॉइंट निखळला तर?" आम्ही विचारलं.

"चाक मुडपून पडतं, सर. घाट उतरताना पडलं तर..." चाचांनी वाक्य पुरं केलं नाही.

बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, बोटांना आतला ओलावा लागला, तेव्हा भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. ही हदीस आम्ही घरात मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. त्या दिवशी मात्र रास आमची होती.

दोन्ही बाजूंचे आर्म बॉल जॉइंटसह नवे घातले. एक गोष्ट तिथे नव्याने कळली. बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पक्के आवळायचे नाहीत. आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, भार येऊ द्यायचा, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत काम करणारे इथेच चुकतात, आणि गिऱ्हाईक पार्टला दोष देतं. त्यानंतर अलाइनमेंट.

बॉनेटचा उजवा कोपरा दाबून सोडला तर गाडी दोन-तीनदा वरखाली झाली. डावा कोपरा लगेच स्थिरावला. उजव्या शॉकअपमधून तेल झिरपत होतं. शॉकअप जोडीनेच बदलावेत असं चाचांचं म्हणणं, आणि ते काम घरी करण्यासारखं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो. तेवढे पैसे त्या महिन्यात नव्हते.

मुलगा आला. एजंटाने तोंड फिरवलं होतं, पण आम्ही आधी गल्लीतून नेलं, मग त्यालाच बॉनेट दाबायला लावलं. काय बदललं, काय राहिलं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. "सर, बघून सांगतो," म्हणाला. आठ दिवसांनी त्याने दुसरीकडे नवीन मॉडेलची गाडी घेतल्याचं कळलं. त्या गाडीचा बॉनेट दाबून बघ, असा निरोप आम्ही पाठवला.

आमची 800 दारातच उभी आहे. पुढच्या महिन्यात शॉकअप घालू, इन्शाअल्लाह. अम्मी परवा गल्लीतून जाताना म्हणाल्या, "दार वाजवणारा गेला वाटतं."