तू आमच्या घरचाच!

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी काय पाहतो? मुखपृष्ठ. मग अनुक्रमणिका, मग आवडत्या लेखकाचे पान. फारच चोखंदळ वाचक असला तर तो संपादकाचे नाव वाचतो आणि किंमत पाहून एक सुस्कारा टाकतो. पण त्या पानांचे काने-मात्रे तपासणारा, गठ्ठ्यांना सुतळी आवळणारा, वसुलीसाठी विक्रेत्याच्या पायऱ्या झिजवणारा माणूस अंकात कुठेच नसतो. वाचकहो, यंदा थोडे त्या मंडळींविषयी बोलू. मी त्यांच्यातलाच. पुण्यातल्या एका घरगुती प्रकाशनसंस्थेत मी तेहेतीस वर्षे मुद्रिते तपासली. संस्थेचे नाव सांगत नाही. तिचे मीठ खाल्ले आहे, आणि त्या मिठाला चवही होती.

मराठी प्रकाशन हा पहिल्यापासून घराण्यांचा धंदा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत 'निर्णयसागर' छापखाना काढला. १८९२ साली ते गेल्यावर चिरंजीव तुकाराम जावजींनी तो पुढे नेला. १९२४ साली गणेश रामराव भटकळांनी 'पॉप्युलर बुक डेपो' सुरू केला आणि सदानंद व रामदास या मुलांच्या पिढीत तो नावारूपाला आला. 'मौज' म्हटले की भागवत बंधू आठवतात. यात वावगे काही नाही. पैसा आज घालायचा आणि पाच वर्षांनी तो परत आला तर देवाची कृपा म्हणायची, अशा धंद्यात तिऱ्हाईत भागीदार टिकायचा नाही. एवढा धीर बापलेकांतच निघायचा!

शिवाय मालक आणि नोकर यांच्यातली भिंत या धंद्यात फारशी उंच नव्हती. खुद्द जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला होते. राम पटवर्धन काही भागवतांच्या घरातले नव्हेत; पण 'सत्यकथा' म्हटले की श्री. पु. भागवतांच्या जोडीने त्यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. घरातला नसूनही माणूस घरचा होतो, तो असा.

आता आमच्या संस्थेतल्या मंडळींची मते ऐका. आम्ही चौदा जण होतो. दुपारी डबे उघडले की मतेही उघडत.

आमचे हिशेबनीस म्हणत, "इथे रजेचा अर्ज नाही. आई आजारी आहे म्हटले की दादा म्हणतात, 'आधी निघा, बाकीचे नंतर बघू.' पण महाराज, पगाराला तारीखही नाही! ग्रंथालयांचे अनुदान निघाले की त्यांची खरेदी, खरेदी झाली की विक्रेत्याकडून वसुली, आणि वसुली झाली की आपला पगार. सरकारच्या तिजोरीत शिंक आली की सर्दी आपल्याला."

अक्षरजुळणीच्या बाई म्हणत, "मोठ्या कंपनीत दहा वर्षे एकाच खुर्चीत बसले असते. इथे वर्षभरात मांडणी शिकले, कागदाचे भाव काढायला शिकले. फक्त मालकांच्या भाचीची लग्नपत्रिका निघाली, की ती आज आणि लेखकाचे पुस्तक उद्या."

विक्रीसाठी गावोगाव फिरणाऱ्या आमच्या सहकाऱ्याची तक्रार निराळीच. "मालक दोन, हुकूम तीन! काका सांगतात, पस्तीस टक्क्यांपुढे सवलत नाही. पुतणे सांगतात, चाळीस देऊन टाका. आणि काकूंचा फोन येतो, कोल्हापुरात आहातच तर गुळाची ढेप आणाल का?"

माझे विचाराल, तर हस्तलिखित रद्दी आहे असे मालकांना तोंडावर सांगण्याची मला मुभा होती आणि ते ऐकूनही घेत. एवढे सुख किती कचेऱ्यांत मिळते?

या सगळ्या मतांच्या तळाशी एकच वाक्य होते: "तू आमच्या घरचाच!" हे वाक्य मोठे गमतीचे. मुलीच्या लग्नाला उचल मागा, कागद न करता मिळायची. कारण तू घरचाच. आणि पगारवाढ मागा, तरी उत्तर तेच. "अरे, तू घरचाच! घरात कोणी पगारवाढ मागतो का?" एकाच किल्लीने कुलूप उघडायचेही आणि लागायचेही.

हे वाक्य कुठवर पुरते, ते आमच्या मामांच्या बाबतीत कळले. मामा म्हणजे आमचे गठ्ठे बांधणारे. १९८८ साली कामाला लागले. कोणत्या गावच्या पार्सलाला दुहेरी गोणपाट हवे, पावसाळ्यात कोणत्या बाजूला मेणकापड घालायचे, हे सारे त्यांना पाठ. मोठे मालक, म्हणजे दादा, एकदा त्यांच्या घरी सत्यनारायणाला गेले होते. तिथे मामींच्या देखत म्हणाले, "यांच्या म्हातारपणाची काळजी तुम्ही करू नका. ती माझ्याकडे लागली." माणूस शब्दाचा पक्का. मामींनी ते वाक्य दागिन्यासारखे जपून ठेवले.

२०१४ साली दादा गेले. २०१९ साली मामांचे गुडघे थकले, वयही साठीचे झाले. धाकट्या मालकांनी प्रेमाने निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि पंचवीस हजारांचे पाकीट. मामांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर मामींनी पाकीट देवापुढे ठेवले आणि एवढेच विचारले, "बाकीचे कधी देणार आहेत?"

धाकटे मालक कंजूष नव्हेत की लबाडही नव्हेत. दादांनी शब्द दिला तेव्हा ते त्या खोलीत नव्हते, इतकेच. कागद कुठे होता? दादांचा शब्द दादांबरोबर गेला.

मामा गप्प बसले. "दादांच्या मुलाकडे मागायचे कसे?" हा त्यांचा सवाल. मागायचे कसे, ते आमच्या हिशेबनिसांनी दाखवले. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याला तेव्हा वीस माणसे लागत, म्हणून ती वाट बंद होती. पण १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला दहाच माणसे पुरत आणि आम्ही चौदा! पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या माणसाला निवृत्त होताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, महिना सव्वीस दिवसांचा धरावा, असे त्यात सांगितले होते. मामांचा पगार १३,००० रुपये. त्याला सव्वीसने भागले की रोजचे ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. एकतीस वर्षांचे २,३२,५००. हिशेबनिसांनी आकडा पाकिटाच्याच पाठीवर लिहिला. मामा तो बराच वेळ बघत राहिले.

पण एकतीस वर्षांना पुरावा काय? नेमणुकीचे पत्र नव्हतेच. हजेरीपत्रके २००३ च्या पुढची. तेव्हा मला आठवल्या माळ्यावरच्या जावक वह्या. दर पार्सलाची तारीख, गाव, वजन. १९८८ पासून मामांच्या गोल अक्षरात. आणि दर महिन्याच्या शेवटी, सारे तपासून घेतल्याची दादांची सही!

वह्यांवरची धूळ झटकून आम्ही त्या धाकट्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक चाळली, दुसरी चाळली. वडिलांच्या सहीवरून एकदा बोट फिरवले. मग विचारले, "मला आधी का नाही सांगितले?" हिशेबनीस म्हणाले, "घरच्या माणसाने घरात दावा कसा सांगायचा, हाच प्रश्न होता." त्यांनी पाकिटातले पंचवीस हजार वळते करून घेतले नाहीत. "ते वेगळे, हे वेगळे," म्हणाले आणि तीन हप्त्यांत पुरी रक्कम दिली. पुढच्या एप्रिलात आम्हा सर्वांना नेमणुकीची पत्रे मिळाली. तेहेतीस वर्षे नोकरीत काढलेल्या मला निवृत्तीच्या तोंडावर कळले की माझा हुद्दा 'वरिष्ठ मुद्रितशोधक' आहे!

मामांना मी त्यांचे मत विचारले. म्हणाले, "दादांचे प्रेम खरे होते. पण माझे म्हातारपण निघाले ते वहीतून."

वाचकहो, मला वाटते, याहून अधिक नेमके मत कोणी देणार नाही. घरपण खोटे असते असे मी मुळीच म्हणणार नाही. रात्री अडीच वाजता रुग्णालयात धावून आलेला मालक मी पाहिला आहे. पण घरपण हे माणसाच्या मनात राहते, आणि माणूस जातो. त्याची पुढची पिढी कितीही सज्जन असली तरी न ऐकलेला शब्द ती पाळणार कशी? म्हणून हक्काचे ते आधी कागदावर यावे. त्यावर प्रेमाने जे द्यायचे ते मालकाने खुशाल द्यावे. त्याला कोणता कायदा आड येतो?

तुमच्याही घरातले कोणी अशा ठिकाणी कामाला असेल. प्रकाशनसंस्थाच कशाला, कापडाचे दुकान असेल, दवाखाना असेल, खाजगी शिकवणी असेल. त्याला चार गोष्टी विचारा. नेमणुकीचे पत्र आहे का? पगाराची चिठ्ठी मिळते का? हजेरीपत्रकात नाव आहे का? आणि ग्रॅच्युइटीसाठी वारस नेमल्याचा कागद भरला आहे का? १९७२ चा तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी पंधरा दिवसांचे माप तेच राहिले. पत्र मागताना संकोच वाटेल, तर फराळाच्या वेळी मागावे. तेव्हा मालकांचेही मन मऊ असते.

आणि मालकमंडळींना एक विनंती. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा तुम्ही करालच. हळदकुंकू वाहण्याआधी ती वही जरा उघडून पाहा. ज्यांना तुम्ही 'घरचेच' म्हणता, त्यांची नावे तीत आहेत ना?