विमानाची वीस मिनिटे आणि रुग्णाचा वेळ

सांगलीजवळ कवलापूरला जुन्या धावपट्टीच्या जागी विमानतळ व्हावा, ही मागणी जुनी आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात बांधलेल्या कराडच्या विमानतळाचा विस्तार व्हावा, असेही म्हटले जाते. ‘रुग्णांची सोय होईल’ हा या मागण्यांमागचा एक युक्तिवाद. तो तपासून पाहायला हवा.

कराड ते कवलापूर हवाई अंतर साधारण ६० किलोमीटर. ताशी ३०० किलोमीटर वेगाचे छोटे विमान उड्डाण आणि उतरणे धरून ते वीसेक मिनिटांत कापेल. पण रुग्णाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. घरून रुग्णवाहिका, स्ट्रेचरची चढउतार, उड्डाणाची परवानगी आणि कवलापूरहून मिरजेपर्यंत पुन्हा रुग्णवाहिका. हे सारे जोडले की वेळ दीड तासाच्या आत बसणे कठीण. कराडहून मोटारीनेही सुमारे तेवढाच वेळ लागतो.

शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये सातारा, कराड, मिरज अशी तिन्हीकडे आहेत. अडचण या शहरांमधल्या प्रवासाची नाही. जत, आटपाडी, पाटण किंवा जावळीतल्या गावातून तिथवर पोहोचण्याची आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात ईसीजी लवकर निघणे महत्त्वाचे. मोठा झटका असेल आणि निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देऊन मग पुढे पाठवतात. अर्थात रक्तस्रावाचा धोका तपासून. पक्षाघातात असे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅननंतर. या दोन्ही आजारांत वेळ वाचतो तो तालुक्याच्या ठिकाणी.

मग विमान निरुपयोगी का? नाही. अंतर वाढले की हिशेब उलटतो. कोल्हापूर-मुंबई रस्त्याने सात-आठ तास, विमानाने तासभर. अवयवदानात तर हा फरक निर्णायक ठरतो. शरीराबाहेर काढून थंड ठेवलेले हृदय साधारण चार तास, यकृत आठ ते बारा तास टिकते. मूत्रपिंडाला मात्र दिवसभराची सवड असते. म्हणजे इथल्या दात्याचे हृदय मुंबईला पोहोचवायचे तर आकाशमार्गच हवा.

विमानतळाच्या बाजूने व्यापार, शेतमाल, पर्यटन अशी इतरही कारणे आहेत आणि ती त्यांच्या जागी योग्य आहेत. मात्र रुग्णांच्या नावाने मागणी करताना तालुका रुग्णालयात चोवीस तास ईसीजी, ते वाचणारा डॉक्टर आणि ते इंजेक्शन यांचीही मागणी त्याच आवाजात व्हायला हवी. आणि छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, हातातली ताकद गेली, तर घरच्यांनी वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवावा. बहुतेकदा सर्वाधिक वेळ जातो तो ‘थोडं थांबून बघू’ म्हणण्यातच.