सरकारही भाडेकरूच!

मैत्रिणींनो, अकरा महिन्यांचा करार संपत आला की आपल्या पोटात गोळा येतो. घरमालक यंदा किती वाढवणार, याच काळजीत आपण असतो. पण सरकारसुद्धा भाडेकरू असतं, हे कधी तुमच्या मनात आलंय का?

मुंबईचंच बघा. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला मोठी आग लागली आणि अनेक विभागांना बाहेर जागा शोधावी लागली. दक्षिण मुंबईत खासगी जागा भाड्याने घ्यायची म्हणजे केवढा खर्च! पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत 1,601 कोटी रुपयांना घ्यायला मंजुरी दिली. मार्च 2024 मध्ये केंद्रानेही होकार दिला. भाडं भरत बसण्यापेक्षा स्वतःचं छप्पर बरं, हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, हा शहाणपणा आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीपर्यंत का येत नाही?

2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना सुरू झाली. पन्नास वर्षं झाली, तरी शहरी भागातल्या कितीतरी अंगणवाड्या आजही भाड्याच्या खोलीत भरतात. 2012 च्या नियमांत भाड्याची कमाल मर्यादा होती ग्रामीण भागात महिना 750, शहरांत 3,000 आणि महानगरांत 5,000 रुपये. पुढे ती वाढली, पण बाजार नेहमी तिच्या दोन पावलं पुढेच! मग एवढ्या पैशांत मिळते ती अंधारी खोली. तिथेच पोरांचं वजन, तिथेच खाऊ, तिथेच गाणी. शौचालय असेल तर नशीब.

मालकाला जास्त भाडं देणारा भेटला की बिऱ्हाड हललंच. मग गरोदर सुनेने कुठे जायचं? तीन वर्षांच्या पोराला घेऊन आजीने हमरस्ता कसा ओलांडायचा? अनुदान रखडलं तर मालकाचा तगादा सेविकेच्या मागे. तिचं मानधन ते किती आणि त्यातून तिने काय काय भागवायचं?

जागाच नाहीत, असं उत्तर मिळतं. पण गावाच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक कामांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत अशी जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्द होतं. जागा हातची जाते आणि आपली अंगणवाडी मात्र भाडं भरत राहते!

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तेव्हा तुमच्या नगरसेविकेला गाठा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या प्रभागात राखीव भूखंड किती? त्यांची मुदत कधी संपते? पालिकेच्या शाळेतली एखादी रिकामी खोली अंगणवाडीला का देत नाही?

एकटीने जाऊ नका. भिशीच्या, बचत गटाच्या चारजणी मिळून जा आणि अर्ज लेखीच द्या. पोचपावती घ्यायला मात्र विसरू नका.