यंत्रांचा दुभाषी

प्रबंधाचे प्रकरण पडद्यावर कितीही वेळा वाचले तरी त्यातली खरी चूक सापडते ती कागदावरच, असा माझा अनुभव आहे. त्यासाठीच घरातला जुना लेझर प्रिंटर मी सांभाळून ठेवला आहे. गेल्या वर्षी संगणक बदलला आणि हा प्रिंटर अकस्मात मुका झाला. केबल तीच होती, कागद भरलेला होता, दिवाही लागला. पण या यंत्राचा 'ड्रायव्हर' उपलब्ध नाही, असे संगणकाने कळवले. मॉडेल जुने झाले, आता नवे घ्या, एवढेच कंपनीचे उत्तर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. घरगुती वापराच्या अनेक स्वस्त प्रिंटरांना अक्षर काढता येत नाही. जोडाक्षर असो की वेलांटी, पानावरचा प्रत्येक ठिपका संगणकाने ठरवायचा आणि प्रिंटरला कळेल अशा सांकेतिक भाषेत पाठवायचा असतो. केबलने दोन यंत्रे जोडली जातात. त्यांचा संवाद जुळवतो तो ड्रायव्हर.

साहित्याच्या अभ्यासकाला इथला अन्याय चटकन कळावा. 'मेघदूता'चे मराठीत अनेक अनुवाद झाले. एखादा दुर्मिळ झाला तरी काव्य मुके होत नाही, कारण संहिता समोर आहे आणि संस्कृतचे व्याकरण सर्वांना खुले आहे. प्रिंटरचे व्याकरण मात्र बहुधा कंपनीच्या कुलपात असते. तिने दुभाषी काढून घेतला की धडधाकट यंत्र भंगारात जाते.

ही तक्रार नवी नाही. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मिळाला नाही. कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी, इतकीच सुधारणा त्यांना करायची होती. त्या नकाराचा सल पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या विचारामागे राहिला. 1983 मध्ये त्यांनी 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली.

प्रत्येक नव्या प्रणालीसाठी जुना ड्रायव्हर पुन्हा लिहिणे खर्चिक असते, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण मग पाठिंबा थांबवताना त्या यंत्राचे व्याकरण तरी खुले करावे. सामाईक भाषा अशक्य नाही, हे 2010 च्या 'एअरप्रिंट'ने आणि 2013 च्या 'आयपीपी एव्हरीव्हेअर' या खुल्या मानकाने दाखवलेच आहे. त्यांत प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नवा प्रिंटर घेताना किमतीइतकीच या गोष्टीचीही चौकशी करावी.

माझा प्रिंटर सध्या एका जुन्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडलेला आहे. त्याचा ड्रायव्हर कुणा अनोळखी स्वयंसेवकांनी लिहिला आहे. परवा त्यावर प्रकरण छापले आणि पहिल्याच पानावर 'अनुवाद'ऐवजी 'अनुनाद' सापडला. पडद्यावर तो मी चार वेळा वाचला होता.